कामगार संघाविरुद्ध तक्रार : नव्वद दिवसांची मुदत

लोणावळ्याहून सकाळची लोकल गाठून तळेगाव-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराला, तसेच मावळातील आपली भातशेती सांभाळून पाळीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला कामगार संघाचा आधार मोलाचा वाटतो. तथापि संघाच्याच एखाद्या कृतीमुळे रोजी बुडाली, तर दाद कोठे व किती दिवसांत मागावयाची, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम १९७१ साली संमत झाला व ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. कामगार संघांच्या अनुचित प्रथा त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेल्या आहेत. बेकायदेशीर संपास चिथावणी देणे, संपात नसलेल्या कामगारास प्रवेशद्वारावर अडविणे किंवा धमकावणे, हेतुपुरस्सर काम मंदावणे, अधिकाऱ्यांना घेराव घालणे, त्यांच्या निवासस्थानी निदर्शने करणे, हे त्यांतील काही प्रकार होत.

अशा कृतीविरुद्ध कर्मचारी, मालक अथवा दुसरा संघ यांनी औद्योगिक न्यायालयाकडे तक्रार करावी, अशी कलम २८ ची योजना आहे. तक्रारीची मुदत घटना घडल्यापासून नव्वद दिवसांची आहे. समजा, १ जून रोजी एखाद्या कामगारास दारातून परत पाठविण्यात आले. घटनेचा दिवस वगळून मोजल्यास ३० ऑगस्ट रोजी मुदत संपते. मावळात हेच दिवस पेरणीचे, भातलावणीचे आणि मुसळधार पावसाचे. 'सुगी झाल्यावर पाहू' असे म्हणणाऱ्याची मुदत त्यापूर्वीच टळून गेलेली असते.

मुदत अल्प ठेवण्यात हेतू आहे. कारखान्यातील तंटा चिघळण्यापूर्वी मिटावा आणि साक्षीदारांच्या आठवणी ताज्या असाव्यात, हा तो हेतू होय. म्हणूनच शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असे न्यायालयासही सांगितले आहे. अनुचित प्रथा थांबविण्याचा व वाजवी भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. विलंबास योग्य व पुरेसे कारण दाखविल्यास उशिरा आलेली तक्रारही दाखल करून घेता येते. परंतु तो न्यायालयाच्या विवेकाचा प्रश्न आहे. त्यावर विसंबून राहणे हिताचे नाही. संघाचे पदाधिकारी तोंडी आश्वासने देत असले, तरी दिवस मोजणे थांबवू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र शासनाची औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून १९२६ चा कामगार संघ अधिनियम व १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम यांची जागा तिने घेतली आहे. संघांच्या अनुचित प्रथांची यादी तिच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. त्यामुळे आपली तक्रार कोणत्या तरतुदीखाली व कोणापुढे करावयाची, याची चौकशी पुणे येथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात किंवा जाणकार वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात करणे इष्ट ठरेल.

घटनेची तारीख, वेळ, पाळी व साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. हजेरीचा व कापलेल्या वेतनाचा पुरावा जपून ठेवावा. सहकाऱ्यांच्या रोषाच्या भीतीने अनेकजण गप्प बसतात. परंतु अशी तक्रार संघटनेच्या हक्काविरुद्ध नसून एका विशिष्ट कृतीविरुद्ध असते. संघाचे सभासद राहूनही ती करता येते. मात्र ती वेळेत केली पाहिजे.