घुबड लिंपेट : खडकावर घर करणारा मोठा शंख

आपल्या लोधिवलीतून समुद्र दिसत नाही. पण आपल्या खालापूर तालुक्यातली पाताळगंगा धरमतरच्या खाडीतून समुद्रालाच मिळते. अलिबागच्या सहलीत ओहोटीच्या वेळी काळ्या खडकांना चिकटलेल्या छोट्या टोप्या पाहिल्यात ना? त्यात लिंपेट असतात. आज त्यांच्या एका मोठ्या नातेवाइकाची ओळख करून घेऊ.

ओळख : घुबड लिंपेटचं शास्त्रीय नाव लोट्टिया जायगँटिया. मृदुकाय संघातला, गोगलगायीच्याच वर्गातला हा प्राणी. शिंपला एकच, बसक्या टोपीसारखा, लांबी सुमारे १० सेंमीपर्यंत. शिंपल्याच्या आतला गडद डाग घुबडासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

कुठे राहतो? : उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टनपासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. जिथे लाटा जोरात आपटतात, असे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले खडक त्याला आवडतात. मांसल पायाने तो खडकाला घट्ट धरून बसतो.

घर आणि शेत : मोठा लिंपेट खडकावर सुमारे १००० चौरस सेंमी जागा राखतो. तिथलं शेवाळ खरवडून खातो आणि दुसरा प्राणी आत आला तर शिंपल्याने ढकलून बाहेर काढतो. चरून झालं की पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी येतो. शिंपल्याची कड तिथल्या खडकाशी नेमकी जुळते, त्यामुळे ओहोटीतही आत ओलावा टिकतो.

धोका कशाचा? : हा प्राणी बहुधा नर म्हणून आयुष्य सुरू करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. माणसं खाण्यासाठी मोठे लिंपेट आधी उचलतात. म्हणजे नेमक्या अंडी देणाऱ्या माद्याच जातात! दक्षिण कॅलिफोर्नियात संशोधकांनी संग्रहालयांतले जुने शिंपले आणि किनाऱ्यावरचे आजचे लिंपेट मोजून पाहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लिंपेट लहान होत गेल्याचं दिसलं. जिथे किनाऱ्याला खरं संरक्षण होतं, तिथे मात्र मोठे लिंपेट टिकून होते.

म्हणून नुसतं ‘किती पकडले’ एवढंच बघून चालत नाही, ‘कोणते पकडले’ हेही बघावं लागतं.

विचार करा : पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे, अंड्यांनी भरलेले मासे पकडले तर पुढच्या वर्षी आपल्या ओढ्यात काय होईल? घरी आजी-आजोबांना विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.