आमदारांच्या दारी बंदुकीचा हिशेब

जबलपुरात शस्त्रावर घरं चालतात. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, पुढे दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. माझे वडील गन कॅरेजमध्ये होते, यजमानही तिथूनच निवृत्त झाले. २०१९ च्या एप्रिलमध्ये इथे बनलेल्या पहिल्या सहा धनुष तोफा सैन्याकडे गेल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्यामुळे मी बंदुकीबद्दल तक्रार करते म्हटलं की लोक चमकतात. सैन्याच्या तोफेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती वरातीत सुटणाऱ्या गोळीबद्दल. शेजारच्या मुलाला तशी गोळी लागली आणि तेव्हापासून आम्ही काही बायका लोकप्रतिनिधींच्या दारी जात आलो आहोत. त्यातून जे शिकले ते असं.

१. आधी मूल, मग आकडे.

पोरगा गच्चीवर वरात बघायला उभा होता. खाली डीजे, नाचणारे मामा-काका आणि कुणाच्या तरी हातात परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल. आमच्याकडे याला हर्ष फायर म्हणतात. गोळी उजव्या खांद्यात शिरली. जीव वाचला, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. सकाळी शाळेचा शर्ट घालताना तो डाव्या हाताने बटणं लावतो. वरचं बटण लागत नाही, तेव्हा हनुवटीने कॉलर दाबून धरतो. आईने मदतीला हात पुढे केला की चिडतो.

पहिल्या भेटीत आम्ही कायद्याची कलमं लिहून नेली होती. आमदारांच्या स्वीय सहायकाने ती फाईलला लावली. पुढच्या वेळी मुलाची आई सोबत आली आणि तिने बटणाची गोष्ट सांगितली. आमदारांनी फोन बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "आप लोग चाहती क्या हैं?" या प्रश्नाचं नेमकं उत्तर तयार असायला हवं. पुढचे मुद्दे त्यासाठीच.

२. कोणाच्या दारात काय मागायचं, हे आधी ठरवा.

शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे, पोलीस राज्य सूचीत. म्हणजे कायद्यात दुरुस्ती हवी असेल तर खासदार. परवाने कोणाला दिले, किती रद्द झाले, हर्ष फायरचे किती गुन्हे नोंदले आणि किती खटल्यांत शिक्षा झाली, हे भोपाळच्या सभागृहात विचारायचं असेल तर आमदार. जबलपूर जिल्ह्यात विधानसभेच्या आठ जागा आहेत. आठांपैकी एकाने जरी तारांकित प्रश्न टाकला, तरी गृहखात्याला लेखी उत्तर तयार करावं लागतं. "कुछ कीजिए" असं म्हणून आलेल्या माणसाला चहा मिळतो. टाईप केलेला प्रश्न हातात ठेवणाऱ्याला निदान पोच मिळते.

३. कायदाच नाही, असं म्हणू नका.

कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि लग्नात, धार्मिक ठिकाणी, समारंभात इतरांचा जीव धोक्यात घालून गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा आक्षेप मधल्या त्या 'किंवा'वर आहे. ज्या घरात लग्नाच्या मांडवावरच लाखो उधळले जातात, तिथे दंड भरून सुटण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. गोळी झाडणाऱ्याचा परवाना कायमचा जावा आणि कैद टळू नये, एवढं खासदारांनी मागावं.

याच दुरुस्तीची आणखी एक बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात ती संख्या एकवर आणायची होती. खासदारांनी विरोध केला आणि शेवटी दोनवर तडजोड झाली. आजोबांची बंदूक, घराण्याची शान, खेड्यातली सुरक्षितता, ही सगळी बाजू संसदेपर्यंत पोचली होती. गच्चीवर उभ्या असलेल्या पोराची बाजू घेऊन तिथे कोण गेलं होतं? परवानाधारक संघटित आहेत, त्यांची मतं मोजली जातात. आपल्यालाही तितक्याच चिकाटीने जावं लागेल.

४. परवाना कोणाला आणि कशासाठी, हे विचारत राहा.

आमच्या मध्य प्रदेशात या परवान्याचं काय काय झालं आहे बघा. २००८ साली शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्यांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला परवाना मागणाऱ्याने दहा झाडं लावावीत असं ठरलं. हेतू कितीही चांगला असो, परवाना असा बक्षिसासारखा वाटला की ज्याला जिवाची खरी भीती आहे आणि ज्याला मिशीला पीळ द्यायचा आहे, दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

महाराष्ट्रातही वेगळं नाही. मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा कुठे बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याची चर्चा सुरू झाली. मग प्रशासनाने शंभराहून अधिक रद्द केले. रद्द करण्याजोगे होते तर ते दिले कोणी, हे सभागृहात विचारलं गेलं पाहिजे.

५. काडतुसांचा हिशेब मागा.

मी फॅक्टरीच्या वसाहतीत वाढले. तिथे एक भाग इकडचा तिकडे झाला तरी कागद लागतो, सही लागते. परवान्यावरही एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, हे लिहिलेलं असतं. मग झाडलेली काडतुसं कुठे झाडली, हे कोण विचारतं? आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवालीला झेंडूच्या पाकळ्यांत झाडलेल्या काडतुसाचा पितळी खोका सापडला. रिकामे खोके जमा केल्याशिवाय नवी काडतुसं नाहीत आणि प्रत्येक गोळीचं लेखी कारण, ही अट देशभर सक्तीची व्हावी. आम्ही घेऊन फिरलेल्या मागण्यांत ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. यात कोणाची बंदूक काढून घ्यायची नाही, त्यामुळे आमदारही ती शांतपणे ऐकतात.

६. बेकायदा बंदुकीच्या नावाखाली विषय टोलवू देऊ नका.

"असली समस्या तो कट्टा है," हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकायला मिळतं. ते खरंही आहे. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत आणि त्यांतल्या नोंदणीकृत फक्त ९७ लाख. सातपुड्यातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारी पिस्तुलं जळगाव-पुण्याच्या पोलिसांना चांगलीच ठाऊक आहेत. आणि आमच्या शहराला लागलेला डाग तर विसरताच येत नाही. २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेरला सापडलेल्या एके-४७ रायफलींचा माग इथल्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोपर्यंत आला, एका निवृत्त आर्मोररला अटक झाली आणि तपास एनआयएकडे गेला. त्या दिवसांत यजमान वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवत. आयुष्यभर इमानाने काम केलेल्या माणसांना ते फार लागलं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही, हे बजावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं. त्या समितीच्या बैठका कधी झाल्या, काय ठरलं, हा आयता प्रश्न आमदारांच्या हाती आहे. मात्र आमच्या पोराला लागलेली गोळी परवान्याच्या रायफलीतली होती, हे मी प्रत्येक वेळी सांगते.

७. नेत्यांकडून स्वतःपुरता शब्द घ्या.

२ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळ्या सुटल्या आणि त्या झाडल्याच्या आरोपाखाली विद्यमान आमदाराला अटक झाली. ज्यांनी कायदे करायचे, त्यांच्याच कमरेला पिस्तूल आणि मागेपुढे बंदूकवाले असतील, तर कार्यकर्ता काय शिकणार? म्हणून आम्ही सगळ्यांकडे एक साधी गोष्ट मागतो : ज्या लग्नात गोळी सुटेल, तिथून त्याच क्षणी निघून जा, आणि का निघालात ते माईकवर सांगून जा. काहींनी हो म्हटलं आहे. एकांनी ते केलंही, वरमाला व्हायच्या आत मंचावरून उतरले.

८. निवडणूक उलटली तरी जात राहा.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याची पिस्तुलं परवान्याची होती. गावातल्या लोकांनी सह्यांची मोहीम सुरू केली, सुमारे सात लाख सह्या जमल्या, आणि १९९७ संपण्याआधी ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. सरकार मधल्या काळात बदललं होतं, सह्या करणारे मात्र दोन्ही सरकारांच्या दारात उभे होते.

आमच्या ताज्या निवेदनात चार ओळी आहेत : खोक्यांचा हिशेब, गोळी झाडणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द, मंगल कार्यालयाच्या मालकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती आणि जखमी झालेल्याला परवानाधारकाच्या खर्चाने उपचार. विधानसभेचं पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी ते जिल्ह्यातल्या आठही आमदारांना हातोहात द्यायचं आहे. पाटण आणि सिहोऱ्याला जायला गाडी आणि माणसं हवी आहेत.