जुन्या विमानाची नवी फासळी

एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले ‘टायगर मॉथ’ हे छोटे विमान १९३१ साली इंग्लंडात प्रथम उडाले. भारतातील कित्येक वैमानिक त्यावरच उड्डाण शिकले. त्याची निर्मिती केव्हाच थांबली. म्हणून पंखातील लाकडी फासळी मोडली, तर ती नव्याने घडवावी लागते. मूळ आराखडा समोर ठेवून कारागीर स्प्रूस वृक्षाचे लाकूड निवडतो. फळीत गाठ दिसली, की ती बाद! शिरा तिरप्या असल्या, तरीही बाद. कारण तेथेच लाकूड चिरते, आणि आकाशात थांबून दुरुस्ती करता येत नाही. कापड चढविण्यापूर्वी निरीक्षक प्रत्येक सांधा तपासतो. पंख झाकल्यावर आतील दोष कोणाला दिसणार? मग ताणलेल्या कापडावर ‘डोप’ नावाचा लेप देतात. तो वाळताना कापड आक्रसते व ढोलकीच्या पुडीप्रमाणे ताठ होते. टिचकी मारताच ते घुमते.