मिश्री सुटली, तलफ मागे राहिली



दरवर्षी ३१ मेला जागतिक तंबाखू विरोधी दिन येतो. ग्रामसंघाच्या बैठकीत आपण शपथ घेतो, फोटो काढतो, फोटो ग्रुपवर टाकतो. शपथ घेतलेल्यांपैकी काही ताया-मावश्या खरंच त्या दिवसापासून मिश्रीची डबी बंद करतात. पुढे त्यांचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आषाढ-श्रावणात, द्राक्षाच्या छाटणीत, कांदा लावणीच्या दिवसांत त्यांना काय सोसावं लागतं, हा विषय कुठल्याच बैठकीच्या अजेंड्यावर मी पाहिलेला नाही. म्हणून या अंकातला अभ्यासपाठ त्यांच्यासाठी.

"सोडून चार महिने झाले गं, पण सकाळी चूल पेटवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. माझ्यातच काहीतरी खोट असंल." निफाड तालुक्यातल्या एका मावशी बैठक संपल्यावर चपला घालता घालता मला हे म्हणाल्या, तेही अगदी हळू आवाजात. मी पंचविशीतली पोरगी, मावशींना काय शिकवणार! पण त्यांच्यात खोट नाही एवढं मला नक्की माहीत होतं, आणि ते का, हेच आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. व्यसन सोडण्याबद्दल जे छापून येतं ते बहुतेक विडी-सिगारेटबद्दल, म्हणजे पुरुषांबद्दल असतं. आपल्याकडे विडी ओढणाऱ्या बायका नाहीत असं नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या काही आज्या चुलीतल्या निखाऱ्यावर विडी पेटवतात, कुणाला त्यात नवल वाटत नाही. पण बहुतेक जणींची तंबाखू धुराची नसते. ती तव्यावर भाजून काळी केलेली, कुटलेली, डबीत ठेवलेली असते. कुणी मिश्री म्हणतं, कुणी मिसरी, कुणी मशेरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के प्रौढ स्त्रिया बिनधुराची तंबाखू वापरताना आढळल्या, म्हणजे साधारण सहा जणींत एक. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया मात्र १.४ टक्केच होत्या. दहा जणींच्या गटात एक-दोन मिश्रीवाल्या निघणारच. गंमत बघा, दात घासायच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण आपण मिश्रीला अजून दात घासायचीच वस्तू समजतो, त्यामुळे "मला कसलं व्यसन नाही, फक्त मिश्री लावते" असं सरळ सांगून मोकळ्या होतो.

विडी असो, मिश्री असो की मळलेली तंबाखू, आत काम करतं ते निकोटीनच. विडीचा धूर छातीत गेला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचतं. मिश्रीचं निकोटीन हिरड्यांतून हळू भिनतं, पण जास्त वेळ टिकतं. मेंदूला त्याची सवय लागते आणि ते मिळालं नाही की मेंदू मागणी करतो. ही मागणी म्हणजे तलफ. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, हातापायात बळ नाही असं वाटतं. दोन ते चार आठवड्यांत हा अंगाचा त्रास उतरतो. इथपर्यंत बरेच जण सांगतात.

पण तलफेचा दुसरा भाग अंगात नसतो, तो आठवणीत असतो. वीस वर्षं रोज पहाटे चूल पेटवायची आणि पाणी तापेपर्यंत उंबऱ्यात बसून मिश्री लावायची. मेंदूने त्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली. निकोटीन शरीरातून कधीच निघून गेलं, पण चूल रोज पेटतेच आहे! मग चूल दिसली की मेंदू आपला जुना हिशोब काढतो. मावशींची चार महिन्यांनंतरची तलफ ही अशी होती. काहींना ती वर्षानेही येते, एखाद्या लग्नात, नाहीतर माहेरी गेल्यावर आईची डबी दिसली की. ती आली म्हणजे आपण मनाने कच्च्या आहोत किंवा सोडणं फुकट गेलं, असा अर्थ होत नाही. दिवस जातात तशी ती विरळ होते. आणि कितीही जोराची आली तरी काही मिनिटांत ओसरते. वळवाच्या सरीला कोण काय करतं? आडोशाला उभं राहतं. तेवढा वेळ काढायचा.

आता प्रत्येकीची गाठ वेगळी. ती ओळखणं हे निम्मं काम. मी फिरते त्या गावांत मला चार-पाच वेळा पुन्हा पुन्हा ऐकू आल्या. पहाटेची चूल आणि परसाकडची वेळ. मजुरीला जाताना टेम्पोतली वेळ, जेव्हा एकीच्या कनवटीची पुडी दहा जणींत फिरते. द्राक्षाची विरळणी किंवा कांदा लावताना दुपारच्या भाकरीनंतरचा वेळ. घरात भांडण झाल्यावर. आणि रात्री भांडी झाल्यावर, सगळे झोपले की, दिवसातली पहिली स्वतःची दहा मिनिटं. ही शेवटची मला सगळ्यात अवघड वाटते, कारण तिथे मिश्री म्हणजे विसावा असतो. ती काढून घेतली तर त्या जागी दुसरा विसावा द्यायला हवा, नुसता उपदेश देऊन भागत नाही. एक ताई आता त्या वेळी अंगणात बसून बहिणीला फोन लावतात. दुसऱ्या एक जणी पायाला तेल चोळतात. मला दोन्ही उपाय आवडले.

पहाटेच्या वेळेचं वेगळं आहे. "मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. हा भ्रम नाही. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सवय झालेल्या बाईला ते सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. अनेक जणी इथेच हार मानतात. पण हा त्रासही काही आठवड्यांत जातो. तोवर उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू, पपई, आणि रात्रीचं जेवण थोडं लवकर. एवढं करूनही त्रास राहिला तर उपकेंद्रात सांगायचं, लाजायचं नाही. दात दुखतात म्हणून मिश्री धरलेल्याही खूप आहेत. त्यांनी सोडण्याआधी दात दाखवून घ्यावेत, नाहीतर दात ठणकला की हात डबीकडे जाणारच.

तलफ आली त्या क्षणी काय करायचं? पाच मिनिटं टाळायचं, एवढंच स्वतःला सांगायचं. "आयुष्यभर लावणार नाही" हे त्या वेळी फार जड होतं. पाच मिनिटं कुणालाही झेपतात. तेवढ्यात घोट घोट पाणी प्यायचं, लांब श्वास घेऊन हळू सोडायचा, जागेवरून उठायचं, हाताला काम द्यायचं. तोंडाला काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेले तीळ, आवळ्याची सुपारी. तंबाखू नसलेली दुसरी सुपारी मात्र नको, तोंडासाठी तीही वाईटच. दात घासायला पेस्ट नसेल तर कडुनिंबाची काडी आहेच. टेम्पोत बसताना पुडीवालीच्या शेजारी बसायचं नाही, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकायचं, "मी सोडलीय, मला देऊ नका." गुपचूप सोडणारीला लोक प्रेमाने पुन्हा लावायला लावतात.

सिन्नर आणि पलीकडे संगमनेरच्या भागात ज्या ताया विड्या वळतात, त्यांचा प्रश्न मला जास्त कठीण वाटतो. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, नाकात तोच वास. ज्या वस्तूपासून लांब राहा म्हणून आम्ही सांगतो, तीच त्यांची रोजी. त्यांना "तंबाखू दिसेल तिथे जाऊ नका" हे सांगण्यात काय अर्थ आहे? एवढं करता येतं : दाराशी, वारा येतो तिथे बसायचं, नाका-तोंडावर ओढणी किंवा पदर बांधायचा, सूप बाजूला ठेवून हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-भाकरीला हात लावायचा नाही, लेकरांना सुपाजवळ घ्यायचं नाही. आणि कामाच्या मध्ये दर तासाला एकदा उठायचं. बाकी दुसऱ्या रोजगाराचा मुद्दा आहे, तो आपल्या फेडरेशनच्या पुढच्या आराखड्यात यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

विडी ओढणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. विडी पानाची म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. आणि विडी सोडून मिश्री धरली तर निकोटीन तेच राहतं, फक्त दार बदलतं.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर हा परिच्छेद तिला वाचून दाखवा. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं, न वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. त्यातल्या बहुतेक जणी मिश्रीच लावत होत्या. आपण अंगणवाडीत ग्रॅमाग्रॅमने बाळाचं वजन वाढवायला धडपडतो, तिथे १०५ ग्रॅम थोडे नाहीत.

ज्यांना स्वतःच्या बळावर जमत नाही त्यांच्यासाठी मदत आहे. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्याची हेल्पलाइन, फोन फुकट लागतो. तंबाखूच्या पुडीवर हाच नंबर छापलेला असतो, आपण तो कधी वाचत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या केंद्रातून मराठीत बोलतात, सोडायची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूसही करतात. औषध दुकानात निकोटीनची गोळी मिळते, च्युइंगमसारखी. ती सारखी चावायची नाही. थोडी चावली, चुणचुण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चुणचुण गेली की परत थोडी. चहा पिताना तर मुळीच नाही, तिचा उपयोग होत नाही. गरोदर बाईने, हृदयाचा त्रास असणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल तर तलफेचं नंतर बघू, आधी तोंड तपासून घ्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची ही तपासणी आपल्या आरोग्य मंदिरात होते.

आता गटाचं काम. लेखे लिहायची आपल्याला सवय आहेच. सोडणाऱ्या ताईने एक छोटी वही करावी : तलफ कधी आली, कुठे, कोण बरोबर होतं, काय केलं. लिहिता येत नसेल तर रेघ मारावी. महिन्याने रेघा मोजल्या की कमी होताना दिसतात, आणि डोळ्यांनी दिसलं की धीर येतो. पैशाचाही हिशोब मांडा. रोज दहा रुपयांची पुडी धरली तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६५० रुपये होतात. आपल्या कित्येक गटांची मासिक बचत यापेक्षा कमी आहे. हे पैसे वेगळ्या डब्यात पडू द्या, आणि कशाला वापरायचे ते त्या बाईनेच ठरवावं, नवऱ्याने नाही.

आणि मध्येच एखादे दिवशी हात गेलाच डबीकडे, तर? एखादीचा हप्ता एकदा थकला म्हणून आपण तिला गटातून काढत नाही. विचारतो, काय अडचण आली होती? आणि पुढचा हप्ता घेतो. इथेही तसंच. तिला बैठकीत बोलणी बसली तर पुढच्या वेळी ती लपवेल, आणि लपवणारीला आपण काहीच मदत करू शकत नाही.

येत्या मासिक बैठकीत बचत गोळा झाल्यावर पंधरा मिनिटं या विषयाला द्या. सोडलेल्या ताईंना आधी बोलू द्या, "तुमची सगळ्यात अवघड वेळ कोणती?" एवढाच प्रश्न विचारा. मग जी त्यांच्या गल्लीत राहते तिने ती वेळ वाटून घ्यावी. पहाटेची असेल तर हाक मारावी, रात्रीची असेल तर ओट्यावर येऊन बसावं. कोणी कोणाची वेळ घेतली हे इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात मी गटाला भेट द्यायला येईन तेव्हा मला तेच पान दाखवा.