क्रॉस म्हणजे नुसती फुली नव्हे

कॅडेट मित्रांनो, या अंकासाठी निवडलेला शब्द तुम्ही रोज वापरता, म्हणूनच त्याच्याकडे कधी नीट बघत नाही. शब्द आहे 'क्रॉस'.

मी राजाजीनगरात राहतो. मागे एका रविवारी आपल्या एका कॅडेटचे वडील खानापूर तालुक्यातून रात्रीच्या बसने आले. मुलाला संध्याकाळी ५ पर्यंत आउटपास होता आणि बापलेकांनी आमच्या घरी भेटायचं ठरलं होतं. अकरा वाजून गेले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी फोन आला, "सर, तुम्ही क्रॉस म्हणालासा, पण हितं चर्च काय दिसंना बघा!"

चूक माझी होती. बेंगळुरूत लांब, मुख्य रस्त्याला 'मेन' म्हणतात आणि त्याला आडवा छेद देणाऱ्या गल्लीला 'क्रॉस'. शिवाय हे आकडे प्रत्येक वस्तीत पुन्हा एकपासून सुरू होतात. मी त्यांना मेन आणि क्रॉस सांगितला, ब्लॉक सांगायचा राहिला. त्यामुळे ते आकड्याने बरोबर, पण भलत्याच ब्लॉकात उभे होते. वर्षातून दोनदा होणारी भेट, त्यातला दीड तास रस्त्यात गेला. मुलगा गेटपाशी उभा होता, जेवायलाही आत येईना. (जवळच्या कॉर्ड रोडचीही गंमत अशीच आहे. तो कॉर्ड दोरीचा नव्हे, भूमितीतल्या जीवेचा. स्पेलिंग बघा म्हणजे कळेल.)

पण पाहुण्यांनी चर्च शोधलं ते उगीच नाही. हा शब्द मुळात लॅटिन 'क्रुक्स'पासून आला, म्हणजे वधस्तंभ. त्याच घराण्यातला 'क्रूस' आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि मराठीत राहिला. दोन लाकडं एकमेकांना छेदतात, या चित्रातून पुढचे बरेच अर्थ निघाले: फुली, छेद, आडवा, पलीकडे.

क्रियापद म्हणून 'क्रॉस' आला की आपली मुलं हमखास घसरतात. 'आय क्रॉस्ड फ्रॉम द रोड' असं लिहितात, कारण मराठीतलं 'रस्त्यावरून' डोक्यात असतं. इथे मध्ये काही लागत नाही. 'आय क्रॉस्ड द रोड', झालं. 'अक्रॉस' वापरायचा तर क्रियापद दुसरं घ्या: 'आय वॉक्ड अक्रॉस द रोड'.

विशेषण झालं की हाच शब्द चक्क रागावतो. वर्गात एकदा वाक्य दिलं होतं, 'द कर्नल वॉज क्रॉस विथ अस'. एकाने भाषांतर केलं, 'कर्नलसाहेबांनी आमच्यासोबत क्रॉस मिळवला'. वर्ग हसला, पण एनडीएच्या लेखी परीक्षेत सामान्य क्षमता चाचणीच्या ६०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. तिथे असं हसं परवडत नाही. माणसावर राग असेल तर 'क्रॉस विथ', गोष्टीबद्दल असेल तर 'क्रॉस अबाउट'.

पालकांच्या ओळखीचा क्रॉस चेकवरचा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की ती रक्कम काउंटरवर रोख मिळत नाही, खात्यातच जमा होते. गंमत म्हणजे त्या दोन रेघा एकमेकींना छेदतच नाहीत. छेदतात त्या चेकला. कोर्टातली 'क्रॉस' म्हणजे उलटतपासणी. आणि आपली क्रॉस-कंट्री म्हणजे रस्ता सोडून शेताबांधांतून आडवं धावणं, हे तुमच्या पायांना मी सांगायला नको.

रेड क्रॉसकडे मात्र सैनिक होणाऱ्याने वेगळ्या नजरेने पाहावं. पांढऱ्यावर लाल क्रॉस ही खूण १८६४ च्या जिनिव्हा कराराने ठरली. ती ज्या तंबूवर किंवा गाडीवर असेल तिच्यावर हल्ला करायचा नाही. ती औषधाच्या दुकानाची पाटी नव्हे. आपल्याकडे १९६० च्या कायद्याने परवानगीवाचून ती वापरायला मनाई आहे.

आता आपल्याला सर्वांत जवळचा क्रॉस. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव आपल्या कंपनी कमांडरबरोबर पलीकडच्या बांधाशी पोचले, तेव्हा गोळीबारात त्यांच्या आसपासचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून अलीकडे आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हाताने खूण करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका माणसाच्या एका दिवसात या शब्दाचे दोन अर्थ आले, नदी क्रॉस करणं आणि छातीवरचा क्रॉस. स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या नावात क्रॉसच्या जागी 'चक्र' आलं.

आता वहीत तीन वाक्यांचं मराठी करा, 'क्रॉस' हा शब्द न वापरता: 'इट नेव्हर क्रॉस्ड माय माइंड.' 'दे वर टॉकिंग ॲट क्रॉस-पर्पजेस.' 'हिज ओन फ्रेंड डबल-क्रॉस्ड हिम.' दुसऱ्या वाक्याला अडलात, तर मी आणि ते पाहुणे त्या रविवारी फोनवर काय बोलत होतो ते आठवा.