गिअर बॉक्सची नाडीपरीक्षा

कासचे पठार पाहून आम्ही साताऱ्याकडे परतत होतो. यवतेश्वर गाव मागे पडले, घाटाची पहिली वळणे सुरू झाली आणि जीपचा दुसरा गिअर 'टक्' आवाज करून आपोआप सुटला. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि जीप मात्र जोरात धावू लागली. आमच्या ड्रायव्हरमामांनी ब्रेक दाबून गाडी आवरली, गिअर पुन्हा टाकला, पण पुढच्या वळणावर तो परत सुटला.

गिअर सुटला तर एवढे घाबरण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. उतारावर आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, तेव्हा इंजिन चाकांना फिरवत नाही, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. इंजिन फिरायला नाखूश असते आणि त्याचा हा विरोध म्हणजे एक मोठा ब्रेकच होय. गिअर सुटला की हा ब्रेक नाहीसा होतो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते घर्षणाने तापतात आणि फार तापले की त्यांची पकड कमी होते. मामांनी रुंद जागा पाहून जीप थांबवली आणि चाकांखाली दगड लावले. साताऱ्यापर्यंतचा घाट आणि तेथून सांगलीपर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर अजून बाकी होते. गाडी पुढे न्यायची की नाही?

"सर, बॉक्स उघडल्याशिवाय कळायचं नाही," मी म्हणण्याआधीच मामा म्हणाले, "पण आवाज ऐकून अंदाज लागंल."

अंदाज कसा लागतो ते समजण्यासाठी पेटीच्या आत काय असते ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. आमची जीप त्याच घराण्यातली, तीन गिअरांची. क्लचकडून येणारा आखूड शाफ्ट आपल्या दंतचक्राने खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो. काउंटर शाफ्टवरची लहानमोठी चक्रे वरच्या मेन शाफ्टला निरनिराळ्या वेगांनी फिरवतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे २.८ फेरे होतात तेव्हा मेन शाफ्टचा एक होतो, दुसऱ्यात १.५५ फेऱ्यांना एक. तिसऱ्यात, म्हणजे टॉपमध्ये, दोन्ही शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात. काउंटर शाफ्ट तेव्हा फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. मेन शाफ्टच्या मागे दुसरी एक पेटी असते, ती पुढच्या चाकांनाही गती देते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात.

म्हणजे कोणता भाग केव्हा फिरतो आणि त्याच्यावर भार केव्हा येतो हे ठरलेले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज बदलतो का ते ऐकायचे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

प्रथम न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले. क्लचवर पाय नसताना आखूड शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट फिरत असतात. त्यांची बेअरिंगे झिजली असती तर घरघर ऐकू आली असती आणि क्लच दाबताच ती थांबली असती. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. आमच्याकडे दोन्ही वेळा शांतता होती. मामांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पेटीवर टेकवून मूठ कानाला लावली. तरीही संशयास्पद काही नव्हते. (पोलादात ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने जातो म्हणून हे जमते, असे पुष्कळजण सांगतात. खरे कारण वेगळे आहे. लोखंडातून हवेत शिरताना ध्वनीची बहुतेक ऊर्जा परत फिरते. स्क्रूड्रायव्हरमुळे ती हवा मधून वगळली जाते. लेनेक या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपाची सुरुवात केली, त्याचे हे भावंडच.)

मग गाडी वळवून पुन्हा यवतेश्वरच्या सपाटीवर नेली. चढताना दुसरा गिअर एकदाही सुटला नाही! ही सर्वांत मोलाची खूण होती.

दुसऱ्या गिअरचे चक्र मेन शाफ्टवर मोकळे फिरत असते. गिअर टाकला की एक सरकते कडे त्याच्या कडेच्या आखूड दात्यांत जाऊन अडकते. प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात. चढावर इंजिन ओढते तेव्हा एक बाजू दाबली जाते आणि उतारावर चाके ओढतात तेव्हा दुसरी. दात्याच्या बाजू सरळ असतील तर दाब फक्त फिरवण्याच्या दिशेने लागतो. झिजून त्या उतरत्या झाल्या, की त्याच दाबाचा एक घटक कड्याला बाहेर ढकलू लागतो. पाचर जशी दाबल्यावर निसटते तसेच हे. गिअर जागेवर धरणारे स्प्रिंग आणि छर्रे किती वेळ तग धरणार? आमच्या गाडीत उताराची बाजू झिजली होती हे पेटी न उघडता कळले.

मात्र घाई करू नये. पेटी इंजिनाला जोडणारे बोल्ट सैल असले तरी गिअर सुटतो. मामा पाना घेऊन खाली शिरले. एक बोल्ट अर्धा फेरा आवळला गेला. सपाटीवर पाय सोडून पाहिले, तर गिअर उशिरा सुटला, पण सुटलाच. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना गिअरची दांडी पुढेमागे हलत होती, म्हणजे मेन शाफ्टलाही लांबीच्या दिशेने प्ले होता.

आणखी एक खूण सकाळपासूनच होती. दुसरा गिअर टाकताना 'खर्र' व्हायचे. मामांनी न्यूट्रलमध्ये क्षणभर क्लच सोडून पुन्हा दाबला, म्हणजे 'डबल क्लच' केला, की आवाज येत नसे. गिअर जुळण्यापूर्वी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारे पितळी कडे झिजल्याची ही खूण.

तेलाकडे वळलो. भरण्याच्या बुचात बोट घातले तर तेल छिद्राच्या काठापर्यंत पोचत नव्हते. बोटावर सोनेरी चुरा चमकला. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक लावले, पण तो चिकटला नाही, म्हणजे पितळ. पोलादाचे तुकडे चिकटले असते तर आम्ही गाडी तिथेच ठेवली असती. दात्यांचा वरचा थर मुद्दाम कठीण केलेला असतो. त्याचे टवके उडाले की आतले मऊ पोलाद भराभर झिजते आणि सुटा तुकडा दात्यांत सापडला तर पेटी जागीच अडकू शकते. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरलेले असते. घाट चढून तापलेली पेटी ओढ्यात बुडाली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. पाटण-कोयनेकडे पावसात जीप चालवणाऱ्यांना हे नवीन नाही.

निर्णय झाला. घाटाच्या माथ्यावर थांबून पहिला गिअर टाकला, कारण तो सुटत नव्हता, आणि माणसाच्या चालीने उतरलो. वाटेत टिकटिक सुरू झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दाता तुटला की काय? घड्याळ काढले. वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणून चाकाचा अर्धा फेरा. मागच्या आसात ५ हून थोडी अधिक पट असल्याने मेन शाफ्टचे फेरे सेकंदाला अडीच ते पावणेतीन. टिकटिक मात्र दोन सेकंदांना एकदा होती. चाकाचीच! टायरच्या खाचेत खडा अडकला होता.

साताऱ्यात ९० नंबरचे तेल भरले आणि कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असे बहुतेक टॉपमध्येच सांगलीला पोचलो. पेटी उघडली तेव्हा दुसऱ्या गिअरचे आखूड दाते एका बाजूने गोल झालेले होते आणि पितळी कड्याच्या खाचा पुसल्या होत्या. पण मिस्त्रींनी आम्हाला न सुचलेला भागही दाखवला: ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट. त्यावर नखाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या. टॉपमध्येही एक बारीक गुणगुण सतत येत होती आणि ती आम्ही ऐकलीही होती. या जीपमध्ये मागच्या चाकांची गतीसुद्धा ट्रान्सफर केसच्या दंतचक्रांतूनच जाते, त्यामुळे थोडी गुणगुण असतेच, असे म्हणून आम्ही ती सोडून दिली. पाय दाबता-सोडताना तिचा सूर बदलत होता का, हे मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.