फोर्कलिफ्ट : विजेवरची की डिझेलवरची?

जड माल उचलून थप्पीवर रचणारी फोर्कलिफ्ट आता केवळ मोठ्या कारखान्यांपुरती मर्यादित राहिलेली नाही. भिवंडीची गोदामे, द्राक्षांची पॅकहाउसे, औषधनिर्मितीचे लघुउद्योग अशा ठिकाणीही ती आवश्यक झाली आहे. खरेदीसाठी मुदत कर्ज मागणाऱ्या उद्योजकाच्या हाती बहुधा दोन कोटेशने असतात : एक डिझेलवरच्या यंत्राचे, दुसरे विजेवरच्या. क्षमता समान, किमतीत मात्र काही लाखांची तफावत. अशा वेळी स्वस्त कोटेशनकडे मन झुकणे स्वाभाविक असले, तरी खरा हिशेब यंत्र वर्षाला किती तास चालणार यावर अवलंबून असतो.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. डिझेलचे यंत्र तासाला ३ लिटर इंधन घेते आणि विजेच्या यंत्राला तासाच्या कामासाठी ७ युनिट लागतात, असे धरू. डिझेल ९० रुपये लिटर व वीज १० रुपये युनिट मानल्यास तासाचा खर्च अनुक्रमे २७० व ७० रुपये होतो, म्हणजे २०० रुपयांचा फरक. विजेचे यंत्र चार्जरसह ५ लाखांनी महाग असेल आणि ते वर्षातील ३०० दिवस रोज ६ तास चालत असेल, तर वर्षाला ३ लाख ६० हजार वाचून जादा किंमत सतरा महिन्यांच्या आत भरून निघते. तेच यंत्र रोज २ तासच चालले, तर बचत १ लाख २० हजार आणि भरपाईस चार वर्षांहून अधिक काळ. इंजिन ऑइल, फिल्टर, रेडिएटर यांचा खर्च विजेच्या यंत्राला नसतो, ही त्यात आणखी भर.

मात्र ही बचत निव्वळ नफा समजणे धोक्याचे आहे, कारण विजेच्या यंत्रात बॅटरी हाच मोठा खर्च असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ढोबळमानाने १५०० वेळा चार्ज होते. रोज एकदा याप्रमाणे सुमारे पाच वर्षे. तीही वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातले आणि बॅटरी पार उतरू दिली नाही, तरच. कर्जाची मुदत सात वर्षांची असेल, तर हप्ते चालू असतानाच नव्या बॅटरीचा खर्च समोर उभा राहतो. प्रकल्प अहवालातील रोख प्रवाहाच्या तक्त्यात हा खर्च क्वचितच दाखविलेला आढळतो. इंधनातील बचतीचा काही भाग पहिल्या महिन्यापासूनच आवर्ती ठेवीत बाजूला काढणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

दोन पाळ्यांत काम असेल, तर आणखी एक अडचण संभवते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होण्यास सुमारे आठ तास लागतात व नंतर ती थंड व्हावी लागते. म्हणजे दुसरी बॅटरी घेणे आले. लिथियम-आयन बॅटरी जेवणाच्या सुटीतही चार्ज करता येते, पण ती महाग असते. शिवाय ती हलकी असते. विजेच्या फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे वजनच पुढच्या ओझ्याला तोलून धरते, त्यामुळे जुन्या यंत्रात लिथियम बॅटरी बसविताना कमी पडणारे वजन उत्पादकाच्या सल्ल्यानेच भरून काढावे लागते. अन्यथा यंत्र उलटण्याचा धोका असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो; हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. चार्जिंगची जागा हवेशीर हवी ती याचसाठी.

डिझेलच्या यंत्राचे स्थान यामुळे संपत नाही. उघडे यार्ड, खडबडीत जमीन, पावसातील काम, चढउताराचे रॅम्प, वारंवार खंडित होणारी वीज अशा ठिकाणी तेच सोयीचे ठरते. टाकी भरली की पुन्हा कामाला तयार. बंदिस्त गोदामात मात्र त्याचा धूर माणसांच्या फुप्फुसांत जातो. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. खाद्यपदार्थ व औषधांच्या साठ्याजवळ तर धुराचे यंत्र ठेवणेच अयोग्य.

करांच्या बाबतीत एक मुद्दा. यंत्रावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यावसायिकास सामान्यतः मिळते. डिझेल मात्र जीएसटीबाहेर असल्याने त्यावरील कर खर्चातच जातो.

उद्योजकाकडे जुने यंत्र असल्यास त्यावरील तासांच्या मीटरची नोंद आणि वीजबिलावरील मंजूर भार, या दोन बाबी प्रस्ताव तयार करण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. मंजूर भार अपुरा असेल, तर तो वाढवून घेण्याचा खर्चही त्याच मुदत कर्जाच्या प्रस्तावात दाखविता येतो.